शेवटचं अक्षर

४ नोव्हेंबर, मंगळवार

आलं ते असं: गुडघ्याला बांधायच्या गाद्या, सहा जोड. राखाडी इलॅस्टिकचं एक रीळ. जाड सुताची पांढरी चादर, मोठी, एक. आणि पातळ कागदात गुंडाळलेली बिनबाह्यांची बंडी, एवढी घट्ट की माझी मूठ तिच्यातून जाईना. सामानाचे पैसे आधीच भरलेले होते. पोचवणावळीचे अठ्ठ्याऐंशी मात्र माझ्याकडून गेले. किराणाच्या पाकिटातून दिले.

पुडक्यावरचं नाव ओळखीचं नव्हतं. घराचा नंबर आमचाच. पुडकं आणणाऱ्याने विचारलं, "हे साहेब इथेच राहतात ना?" मी म्हणणार होते, चुकीच्या दारात आलात. तेवढ्यात आतून आवाज आला, "माझंच आहे, आई. घे." त्या माणसाने नाव वाचलं, आवाज ऐकला, सही घेतली आणि गेला. त्याचं सगळं जुळलं. माझंच जुळेना. ते नाव इथे लिहीत नाही. अजून हात वळत नाही.

भिंगरी तीन वर्षांनी घरी आली आहे. रविवारी आली. आमची एकुलती एक. लहानपणी घरभर गोल फिरायची म्हणून भिंगरी. शाळेच्या दाखल्यावरचं नाव घरात कुणी कधी उच्चारलंच नाही. आता ती रस्त्यावरचे नाच बसवते. (नाच बसवते म्हटलं की हे पूर्वी हसायचे — उभ्याने करायची गोष्ट बसवतात कशी?) सहा जणांची टोळी आहे. बावीस तारखेला इथल्या मोठ्या चौकात, घड्याळाखाली, त्यांचा कार्यक्रम. टोळी स्वस्तातल्या लॉजवर उतरली आहे, ही घरी.

केस बारीक कापलेले. हनुवटीवर लव. आवाज गेल्या वर्षीच फोनवर बदलला होता. मी विचारलं होतं, सर्दी झाली का गं? तर म्हणाली, "नाही आई, हा माझाच आवाज. इंजेक्शनं घेतोय." घेतोय म्हणाली. मला वाटलं फोन खरखरतोय.

आज जेवताना सगळं सांगितलं. पंचवीस तारखेला छातीचं ऑपरेशन. इस्पितळ एका रात्रीच्या प्रवासावर. नंतर सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. डोकं धुवायला, शर्ट चढवायला माणूस लागणार. "मी इथे येऊन राहू का? पण तुमचा मुलगा म्हणून येईन, आई. भिंगरी म्हणून लपूनछपून नाही."

पुढच्या खोलीत ह्यांचं शिवणयंत्र चालू होतं. मधे नुसता पडदा. ह्यांना ऐकू गेलं असणार. यंत्र थांबलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी दिवा लावून देवासमोर बसले. घरातल्या एकेकाला देवाच्या हवाली करायची माझी रीत आहे. ह्यांचे गुडघे बरे राहू देत. वन्संना चांगली बुद्धी दे (हे रोजच मागते). आणि भिंगरी... इथे अडकले. 'तिला सुखी ठेव' म्हणावं तर जिच्यासाठी मागतेय तीच म्हणते, मी ती नाही. 'त्याला' म्हणायला तोंड उघडेना. देव समोर वाट बघतोय आणि मी मधेच थांबलेली.

शेवटी म्हटलं, माझ्या लेकराला सुखी ठेव.

चांगला शब्द सापडला. ते लेकरू. मॅट्रिकला व्याकरणात मला पैकीच्या पैकी होते. तीन लिंगं आहेत ती काय उगाच? यापुढे इथेही तसंच लिहीन. कुणाला खुपणार नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डबा घेऊन तालमीला गेले. धान्याचं एक गोदाम रिकामं पडलं आहे, त्याच्या छपराखाली पूर्वी ट्रक लागायचे तिथे. जमिनीवर पुठ्ठे पसरलेले. एवढ्याशा पेटीतून गाणं वाजतं आणि आपल्या बरगड्या हलतात.

तिथे मोजणी पाचापासून करतात. "पाच, सहा, सात, आठ" — की सगळे एकदम सुटतात. टोळीत एक मुलगी आहे, तिला ठिणगी म्हणतात. अंगाने काडी, बोलायला जाळ. तिला विचारलं, एक ते चार कुठे गेले गं? म्हणाली, "काकू, ते मनातल्या मनात. तेवढ्यात श्वास घ्यायचा." मी पंचवीस वर्षं घरचा हिशेब लिहितेय. पहिले आकडे गाळून बेरीज येते असं कधी पाहिलं नाही. पण ह्या नाचणाऱ्यांची येते.

पोराला सगळे भोवरा म्हणतात. पाठीवर पडून, पाय वर करून गरागरा फिरतं म्हणून. "भोवऱ्या, इथे किती थांबू?" "भोवऱ्या, पाणी दे." घरात भिंगरी, बाहेर भोवरा. फिरायचं काम तेच.

नवा नाच असा आहे. एकाला ओल्या चादरीत गुंडाळतात. बाकीचे दोन्ही टोकं धरून चादर पिळतात आणि आतलं माणूस त्या पिळाबरोबर फिरत, आवळत, सुटत जातं. बाहेर येतं तेव्हा चाल वेगळी, खांदे वेगळे, मान वेगळी. माणूस तेच. पोर मला म्हणालं, "आई, तू चादर कशी पिळतेस ते दाखव ह्यांना. ही मंडळी हातांनी पिळतात." मी संकोचले. मग पदर खोचला. कोपर कमरेला टेकवायचं, अंगठे आत, आणि शेवटचा पीळ कंबरेतून द्यायचा. सहाही जणांनी माझ्यासारखं केलं. "कंबरेतून, कंबरेतून! काकूंकडे बघा," ठिणगी ओरडत होती. मला हसू आवरेना. ज्या कामाने पाठ गेली त्याला टाळ्या.

मी विचारलं, आतल्याला लागत नाही का?

"लागतं," पोर म्हणालं. "पण न पिळता वाळत कुठे?"

८ नोव्हेंबर, शनिवार

ह्यांना विचारलं, लेकराचं काय करायचं? ह्यांच्या तोंडात टाचण्या होत्या.

९ नोव्हेंबर, रविवार

वन्सं आल्या. ह्यांची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. कळवून यायची त्यांना सवय नाही. "कुठाय आमची नाचरी?" म्हणत थेट आत. पोर तालमीहून नुकतंच आलेलं, घामाघूम.

"अगं बाई, केसांना काय झालं? उवा झाल्या होत्या का?"

"नाही आत्या. असेच ठेवतो."

"आणि आवाज बसलाय वाटतं."

वन्संची नजर माझ्याकडे वळली. मी घाईने म्हटलं, "थंड पाणी पिते ना सारखी."

पिते. सारखी. एवढ्याशा वाक्यात दोनदा. पोराने पेला खाली ठेवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि अंघोळीला गेलं. वन्संनी आवाज खाली आणला. म्हणाल्या, "वहिनी, वेळेत स्थळं बघितली असतीस तर ही थेरं झाली नसती." मी चहा गाळत राहिले. ह्यांनी पुढच्या खोलीतून विचारलंही नाही, कोण आलंय.

त्या गेल्यावर पोर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभं राहिलं. रागावलं असतं तर बरं झालं असतं.

"आत्या आली की मी ती. आपण दोघंच असलो की मी ते. पोर आलं, पोर जेवलं. आई, टेबल ते असतं. कपाट ते असतं."

मी म्हटलं, "घरही ते असतं. देऊळही ते असतं."

"हो. पण घराला कुणी जेवलास का म्हणून विचारत नाही."

१० नोव्हेंबर, सोमवार

मला वाटत होतं मी आडोसा शोधलाय. कुणासाठी, हे आज पहिल्यांदा मनात आलं. उपास होता, धरला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

दुपारी तालीम नव्हती. पोर पुढच्या खोलीत ह्यांना कापडाचा तागा उलगडून देत होतं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, पण तागा दोन टोकांनी धरायला बोलावं लागत नाही. मग पोर पाणी आणायला आत आलं. तेवढ्यात बँकेतला शिपाई पँट आखूड करायला आला. आत जाताना पोर त्याने पाहिलेलं असणार. म्हणाला, "मास्तर, नवा मुलगा ठेवलात वाटतं हाताखाली? चपळ आहे."

मी पडद्याआड तांदूळ निवडत होते. हात थांबला. पोराच्या हातातला तांब्याही थांबला.

हे म्हणाले, "ठेवलेला नाही. घरच—"

आणि पाय पायट्यावर पडला. यंत्र सुरू झालं. शेवटचं अक्षर आणि पुढचं काही असेल ते त्यात गेलं.

शिपाई म्हणाला, "हां हां." त्याला ऐकू गेलं असावं. मला नाही. पोराकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होतं. त्यालाही नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

घरचा की घरची. पोळ्या लाटताना तेच, देवाचं म्हणताना तेच. ह्यांना सरळ विचारायला गेले. तर विचारलं काय, आज भाजी कुठली करू.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गच्चीत कपडे वाळत घालत होतो. पोर एका टोकाला, मी दुसऱ्या. अजून हात वर जातात तोवर मदत करतो, म्हणालं. मग आपणहून बोलायला लागलं.

"बाबा मला 'आलास का रे' म्हणायचे. आठवतं?"

आठवतं की. पुष्कळ बाप लाडाने मुलींना तसं म्हणतात. आलास का रे, जेवलास का, कुठे होतास वाघा. दुकानातून आत येताना पहिलं वाक्य तेच असायचं.

"मला पाळी आली त्या आठवड्यापासून बंद झालं. एकदम आलीस, गेलीस, बसलीस. कुणी काही सांगितलं नाही. मला वाटलं माझ्या हातून घरातलं काहीतरी फुटलंय आणि ते काय फुटलं तेवढंच मला माहीत नाही."

मी चिमटा लावत होते तो तसाच हातात राहिला. त्याच महिन्यात पोराने अंगणातलं खेळणं सोडून दिलं होतं आणि आरशासमोर नाचायला सुरुवात केली होती. आम्हाला वाटलं, मुलगी वयात आली.

विषय बदलायला म्हटलं, इस्पितळातून रोज निरोप टाकत जा, उलट टपाली. ते खूप दिवसांनी मोकळं हसलं. फोनवर दोन ओळी टाकायच्या तरी मी शेवटी 'उलट टपाली कळव' लिहिते, ही त्याच्या टोळीतली जुनी गंमत आहे म्हणे. "आई, टपालवाले दमले गं. झोपू दे त्यांना."

१६ नोव्हेंबर, रविवार

आज घाबरगुंडी उडाली. सकाळी तालमीत पोराला चक्कर आली. ठिणगीने आणि आणखी एकाने दोन्ही बाजूंनी धरून घरी आणलं. ओठ पांढरे. "काकू, ती छाती दाबायची बंडी घालून नाचू नको म्हणून डॉक्टरने बजावलंय. ऐकेल तर शपथ. आमच्यावर ओरडतो श्वास घ्या श्वास घ्या, आणि स्वतः..." ठिणगी रडकुंडीला आली होती.

आतल्या खोलीत नेऊन मी ती बंडी काढली. ओली झाली की फळाच्या सालीसारखी चिकटते. डोक्यावरून निघेना, हात वर जाईनात. कशीबशी सोडवली. खाली बरगड्यांवर लाल वळ, एकाखाली एक. काखेजवळ कातडी सोललेली. आठवीनंतर हे अंग मी पाहिलं नव्हतं. आधी नजर वळवली. मग तेल कोमट करून आणलं आणि लावायला बसले, तेव्हा पाहावंच लागलं.

मी म्हटलं, "देवाने दिलेलं अंग. त्यावर कात्री चालवायची?"

पोर पालथं पडलेलं. तोंड उशीत. "बाबांकडे लोक चांगलं चांगलं कापड आणतात. आवडीने घेतलेलं असतं. बाबा त्यावर कात्री चालवतात म्हणून कुणी म्हणतं का, कापडाचा अपमान झाला? मापात करून घेतात. मीही तेवढंच करतोय."

मी वळांवर तेल जिरवत राहिले. मग पोरच म्हणालं, "देवाकडे माझ्यासाठी काय मागतेस?"

"लेकराला सुखी ठेव."

"कुठलं लेकरू ते देवाला कळतं?"

"देवाला सगळं कळतं."

"मग अडतंय कुणाचं?"

पुढच्या खोलीत यंत्र बंद होतं. किती वेळापासून बंद होतं, लक्षात नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी पोराने निक्षून सांगितलं. शनिवारी पाचाला कार्यक्रम. तो संपला की चौकातूनच टेम्पोने टोळीबरोबर निघणार. "तोवर मला सांग, आई. ऑपरेशननंतर इथे येऊ की नको. नको म्हणालीस तरी चालेल, ठिणगीच्या मावशीकडे एक खोली आहे. पण हो किंवा नाही सांग. मधलं नको."

बाबांनाही विचार की, मी म्हटलं.

"मी चार तारखेला दोघांनाही विचारलंय."

मी तडक पुढच्या खोलीत गेले. हे कॉलर बेतत होते. ओठांत टाचण्यांची रांग. मी म्हटलं, "अहो, आज त्या टाचण्या काढा तोंडातून." काढल्या. एकेक करून उशीत खोचल्या. इतक्या सावकाश की मला वाटलं आता सगळं बाहेर येणार. मग म्हणाले, "तू काय म्हणतेस?"

"मी तुम्हाला विचारतेय."

"मी तुला."

असे आम्ही उभे. तेवढ्यात कुणीतरी चेन दुरुस्तीला पिशवी घेऊन आलं आणि ह्यांनी कधी नव्हे ते गिऱ्हाइकाला बसा म्हटलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

घर गप्प आहे. ताटं वाढते, ताटं उचलते. काज-बटणाचं काम मात्र साचलं होतं ते उरकलं. ह्यांच्या शिवणाला काजं करणं आणि बटणं लावणं माझ्याकडे असतं. एक शर्ट जरा निराळा होता. मऊ जुन्या सुताचा, अंगापेक्षा दुप्पट सैल, समोरून खालपर्यंत उघडा, बाह्या एवढ्या रुंद की हात न उचलता घालता यावा. बटणं नेहमीपेक्षा मोठी.

"कुणाचा हो?"

"गिऱ्हाइकाचा."

"आजारी आहे का कुणी?"

"हूं."

"काज कुठल्या बाजूला करू?" बाईमाणसाच्या शर्टाला काज उजवीकडे असतं, पुरुषाच्या डावीकडे. एवढ्या ढगळ शर्टावरून मला कळेना.

हे यंत्रात तेल घालत होते. "डावीकडे," म्हणाले. मग म्हणाले, "हिशेबात धरू नकोस तो." कुणातरी गरिबाला फुकट देणार असतील. देतात मधून मधून. मी डावीकडे काजं केली. पुरुषाचा आहे तर घट्ट लावावीत म्हणून बटणांना दोरा दुहेरी घेतला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या. अजून काही बोलले नाही. देवासमोर बराच वेळ बसले. मागितलं काही नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गेलं.

पाचाला चौकात चिक्कार माणसं होती. भाजी घेऊन जाणारी, कामावरून सुटलेली. मी पुढे, दगडी कठड्याशी. हे आले नाहीत म्हणून मनात चिडले होते. मग मागे बघितलं तर लोकांच्या पाठीमागे, खांबाशी उभे, गळ्यात टेप तशीच. पोराची पिशवी त्यांच्या खांद्याला. घरून आणलेली.

चादर भिजवली. पोराला गुंडाळलं. पाच, सहा, सात, आठ. आणि बाकीची पाच माणसं माझ्यासारखी पिळायला लागली. कोपर कमरेला, पीळ कंबरेतून. फरशीवर पाणी सांडत होतं. आत पोर फिरत होतं. कधी गुडघा दिसे, कधी एक हात, कधी नुसता उठाव, चादरीला श्वास लागल्यासारखा. मी बरगड्यांकडे बघत होते. ती बंडी घरी माझ्या टोपलीत होती, ते मला माहीत होतं. तरी.

मग एकदम बाहेर आलं. ओलंचिंब, डोकं खाली, एका खांद्यावर तोललेलं, पाय वर. आणि तसंच थांबलं. गाणंही थांबलं. तिथे मुद्दाम शांतता ठेवलीय हे मला तालमीपासून माहीत होतं. लोकांना नव्हतं. त्या शांततेत मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, मुलगा आहे का मुलगी, ते तरी सांगा."

लोक हसले. सगळे नाहीत, पुष्कळ. पोर हललं नाही. उलटं, डोळे उघडे, माझ्याच दिशेला. त्या खांद्याखाली गेल्या रविवारी मी तेल लावलं होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग ठिणगी खणखणीत आवाजात म्हणाली, "पाच, सहा, सात, आठ," आणि भोवरा फिरला. असा फिरला की हसणारे मागे सरले. पाणी आमच्या तोंडावर उडालं.

टाळ्या चालू असताना शेजारची बाई मला म्हणाली, "तुम्ही रडताय. तुमचं कोण आहे ह्यात?"

मी बोट दाखवलं. "ते... मधलं. माझं लेकरू."

पोर टॉवेलने तोंड पुसत माझ्याच मागे येऊन उभं होतं.

"मधलं," म्हणालं. "बरं, आई."

एवढंच. हसून म्हणालं. ह्यांच्या खांद्यावरची पिशवी घेतली, टेम्पोत चढलं. मी पुढे झाले तोवर ठिणगीने फळी वर घेतली होती. मी हात केला. फळीवरून एक हात वर झाला, पण कुणाचा ते दिसलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

फोन लावला. बंद आहे.

सकाळी दुकान बंद. हे खुर्चीत बसून होते, समोर यंत्र झाकलेलं. मला विचारलं, "काय सांगितलंस त्याला?"

त्याला. 'तो'चंही त्याला होतं आणि 'ते'चंही त्याला होतं. ह्या भाषेतही माणसाला लपायला जागा आहेत. मला आता लपाछपीचा वीट आला. मी म्हटलं, "अहो, एकदाच स्पष्ट बोला. त्या दिवशी शिपायाला काय म्हणालात? घरचा की घरची?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. "तू पडद्याआड तर होतीस."

"यंत्र सुरू केलंत तुम्ही."

"घरचा म्हणालो. माझा मुलगा आहे, म्हणालो. तो शिपाई जाताना बोलला नाही का, तुमच्यावर गेलाय म्हणून?"

मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलंत? अठरा दिवस मी तुमच्या तोंडाकडे बघतेय."

"मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो," हे म्हणाले. "पोर आलं, पोर गेलं. मला वाटलं, आईचंच मन होत नाहीये. तुझ्या आधी मी हो म्हणून काय उपयोग? त्याचं डोकं धुणार तू, घास भरवणार तू. आणि मी एकदा घाई करून बसलोय. त्याला आलास म्हणायचं मी सोडलं तेव्हाही कुणाला विचारलं नव्हतं."

मग म्हणाले, "शर्ट घातला मी पिशवीत."

"कुठला?"

"तू काजं केलीस तो."

२४ नोव्हेंबर, सोमवार

फोन अजून बंद. उद्या ऑपरेशन. उघडेल तेव्हा दिसेल म्हणून निरोप टाकला. तोच इथे उतरवून ठेवते:

"भोवऱ्या, हो. आतली खोली झाडून घेतली. टेकून झोपायला तीन उशा. बाबांनी दाराची वरची कडी काढून खाली बसवली, तुला हात वर करायला नको. तुझी बंडी धुतली, पण आता ती लागायची नाही, तिची फडकी करतेय. आत्याला सकाळी जाऊन सांगितलं की माझा मुलगा यायचा आहे. त्या चार दिवस बोलणार नाहीत, तेवढीच शांतता. शर्ट घालून बघ. काजं मी केली आहेत, डावीकडे. नीट पोचलास का? जेवलास का? उलट टपाली कळव."